शाप परत घेणारा बंडखोर

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी मला विषयाचे बंधन घातले नाही, ही त्यांची कृपा. इंग्रजी साहित्य शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला मोकळे सोडले म्हणजे तो कुठे जाईल हे त्यांना ठाऊक असावे. मी शेली या इंग्रज कवीचे 'प्रॉमिथ्यूस अनबाउंड', म्हणजे 'बंधमुक्त प्रॉमिथ्यूस', हे नाट्यकाव्य निवडले. पत्रिकेत विषय छापून आल्यावर एका पालकांनी मला सरळच विचारले, "सर, देवाविरुद्ध बंड करणाऱ्याची गोष्ट आमच्या पोरांना कशाला सांगता? ती आधीच कुणाचे ऐकत नाहीत." प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दिल्याशिवाय मी आज खाली बसणार नाही; पण आधी कथा सांगावी लागेल.

प्रॉमिथ्यूस हा ग्रीक पुराणांतील टायटन, म्हणजे झ्यूसच्या आधीच्या देवकुळातला. त्याने स्वर्गातील अग्नी एका पोकळ देठात लपवून पृथ्वीवर आणला आणि माणसाला दिला. झ्यूसने त्याला डोंगराच्या कड्याला साखळदंडांनी जखडले. रोज एक गरुड येऊन त्याचे काळीज खाई आणि रात्रीतून ते पुन्हा भरून येई. पुढे हर्क्युलिसने त्याची सुटका केली. इतकी ही कथा. परंतु सांगणारा बदलला की कथा बदलते. हेसियड नावाच्या जुन्या कवीच्या लेखी प्रॉमिथ्यूस हा एक धूर्त, कपटी पात्र आहे. त्याच्या चलाखीमुळेच माणसामागे दुःखे लागली, असे तो सांगतो. एस्किलसच्या नावावर जे नाटक आहे, त्यात मात्र तोच प्रॉमिथ्यूस माणसाचा उपकारकर्ता होतो. अग्नीच नव्हे, तर अंक, अक्षरे, औषधे, बैलाला जू लावणे, शिडाची नाव, हे सारे मी माणसाला शिकविले असे तो कड्यावर टांगलेल्या स्थितीत सांगतो. त्या नाटकाचा पुढचा भाग काळाच्या ओघात नष्ट झाला. उरलेल्या तुकड्यांवरून एवढे समजते की त्यात शेवटी प्रॉमिथ्यूस आणि झ्यूस यांचा समेट होत असे. झ्यूसने थेटिस नावाच्या देवीशी विवाह केला तर होणारा मुलगा बापाला पदच्युत करील, हे गुपित प्रॉमिथ्यूसला ठाऊक होते. ते उघड करायचे आणि सुटका करून घ्यायची, असा तो सौदा.

शेलीला हा सौदा मान्य नव्हता. मानवजातीच्या कैवाऱ्याने जुलमी सत्ताधीशाशी तडजोड करावी, हा शेवट आपल्याला रुचत नाही असे त्याने प्रस्तावनेतच सांगून टाकले आणि हरवलेला भाग स्वतःच्या बुद्धीने नव्याने लिहिला.

हा शेली कोण? 4 ऑगस्ट 1792 रोजी एका सधन इंग्रज घराण्यात जन्मला. 1811 साली, अठराव्या वर्षी, नास्तिक मताची एक पुस्तिका लिहिली आणि आपणच लिहिली काय याचे उत्तर देण्यास नकार दिला म्हणून ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्याला काढून टाकले. 8 जुलै 1822 रोजी इटलीच्या समुद्रात बोट बुडून तो मेला, तेव्हा तीस वर्षे पूर्ण व्हायला महिना बाकी होता. समोर बसलेल्या पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे काव्य त्याने 1818 च्या शरद ऋतूत इटलीत आरंभिले, आणि त्याच सप्टेंबरात त्याची तान्ही मुलगी क्लारा दगावली. दुसरा व तिसरा अंक 1819 च्या वसंतात रोम येथील प्राचीन स्नानगृहांच्या भग्नावशेषांत बसून लिहिला, आणि जून महिन्यात तीन वर्षांचा मुलगा विल्यम रोममध्येच वारला. चौथा अंक वर्षाअखेर फ्लॉरेन्सला झाला. पुस्तक 1820 मध्ये निघाले आणि फारसे खपले नाही. 'अनबाउंड' म्हणजे बंधमुक्त, तसेच बिनबांधणीचे. तेव्हा या पुस्तकाच्या बांधणीला पैसे कोण देणार, असा विनोद त्या काळच्या एका लेखकाने केला होता!

प्रॉमिथ्यूसवर लिहिणारा शेली एकटा नव्हता. त्या साठ-सत्तर वर्षांत युरोपात राजे डळमळत होते, आणि कवींना हा साखळदंडातला कैदी जवळचा वाटत होता. जर्मन महाकवी गटे याने तरुणपणी, 1770 नंतरच्या चार-पाच वर्षांत, प्रॉमिथ्यूसवर एक धगधगीत कविता लिहिली. आपल्या वाचकांना ठाऊक असावे असे येथे एक सांगतो: जवळपास त्याच काळात त्याच गटेने प्रेषित हजरत मुहंमद (स.) यांच्यावरही एक कविता रचली. डोंगरातला लहानसा झरा वाटेतल्या भावंड-ओढ्यांना सोबत घेत मोठी नदी होऊन सागराला मिळतो, अशी तिची कल्पना आहे. बंड आणि समर्पण ही दोन्ही एका तरुण कवीच्या मनात एकाच वेळी नांदत होती. याच गटेने वृद्धपणी, 1819 साली, फारसी कवी हाफिजच्या प्रेरणेने आपला 'पूर्व-पश्चिम दिवाण' प्रसिद्ध केला, आणि अल्लामा इक्बाल यांनी 1923 साली 'पयाम-ए-मशरिक' हा फारसी काव्यसंग्रह त्याला उत्तर म्हणून दिला. त्या संग्रहात ईश्वर आणि माणूस यांचा एक संवाद आहे. माणूस आपल्या हातांनी काय काय घडविले हे त्यात अदबीने, पण ताठ मानेने सांगतो. ज्यांच्या घरी उर्दू-फारसी जाणणारे वडीलधारे असतील त्यांनी तो मुलांना अवश्य समजावून सांगावा. इंग्लंडात बायरनने 1816 मध्ये प्रॉमिथ्यूसवर एक छोटी कविता लिहिली. शेलीची पत्नी मेरी हिने 1818 साली 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी प्रसिद्ध केली, तिचे उपशीर्षकच 'आधुनिक प्रॉमिथ्यूस' असे आहे. नवरा अग्नी आणणाऱ्याची थोरवी गाण्याआधीच बायकोने त्या अग्नीचे चटके लिहून ठेवले होते, असे मी वर्गात सांगत असे.

इंग्रज कवी, ग्रीक कथा, यांचा आमच्या वर्धा जिल्ह्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो ओढूनताणून जोडलेला नाही.

पहिली गोष्ट म्हणजे काव्याचे स्थळ. ग्रीकांचा प्रॉमिथ्यूस काळ्या समुद्राकडच्या कॉकेशस पर्वतावर किंवा जगाच्या टोकाला जखडलेला असतो. शेलीने त्याला 'हिंदी कॉकेशस'वर नेऊन बसविले. सिकंदराबरोबर आलेल्या ग्रीकांनी हिंदुकुश पर्वताला दिलेले हे नाव. म्हणजे हा कैदी आपल्या उंबरठ्यावरच्या डोंगरात टांगलेला आहे; आणि त्याची जी प्रिया त्याच पर्वतातल्या एका रम्य खोऱ्यात त्याची वाट पाहते, तिचे नाव एशिया, म्हणजे आशिया. शेलीचे हिंदुस्थानवर लक्ष होते. 1821 साली ईस्ट इंडिया कंपनीत नोकरीस असलेल्या आपल्या मित्राला, पीकॉकला, त्याने हिंदुस्थानातील एखाद्या संस्थानिकाकडे काम मिळेल काय अशी विचारणाही केली होती. ते जमले नाही. त्याचा चुलतभाऊ मेडविन मात्र सैन्यात अधिकारी म्हणून येथे राहून गेला. मुंबईत एका पारशी पुस्तकविक्रेत्याकडे शेलीचे 'द रिव्होल्ट ऑफ इस्लाम' हे काव्य आपल्या हाती लागले, असे त्याने लिहून ठेवले आहे. विलायतेत न खपलेला माल रद्दीसारखा इकडे आला होता! (त्या नावाने कोणी गैरसमज करून घेऊ नये. त्या काव्याचा इस्लामच्या शिकवणुकीशी फारसा संबंध नाही. फ्रेंच राज्यक्रांतीचे स्वप्न कवीने तुर्कस्तानच्या पडद्यावर रंगविले आहे, आणि पडदा कच्चा आहे.)

दुसरा धागा सेवाग्रामचा. हा मला विशेष गमतीचा वाटतो. 1813 साली शेलीने शाकाहारावर एक निबंध लिहिला. त्यात प्रॉमिथ्यूस चक्क गुन्हेगार आहे! त्याने अग्नी आणला म्हणून माणूस मांस शिजवून खाऊ लागला, रोगराई आली, आणि काळीज कुरतडणारा तो पक्षी म्हणजे रोगच, असा त्याने अर्थ लावला. आपल्यापैकी बहुतेकांना हे मत पचणारे नाही, मलाही नाही. परंतु या निबंधाने विलायतेतील शाकाहारवाद्यांना एक कवी मिळवून दिला. त्यांच्यात हेन्री सॉल्ट नावाचे एक गृहस्थ होते, शेलीचे निस्सीम भक्त आणि चरित्रकार. 1888 साली मोहनदास गांधी नावाचा विद्यार्थी लंडनला गेला, तो आईला दिलेल्या वचनापोटी मांस टाळीत होता. एका शाकाहारी खाणावळीत त्याने याच सॉल्टचे छोटे पुस्तक विकत घेतले, आणि ते वाचल्यावर आपण स्वखुशीने शाकाहारी झालो असे गांधीजींनी आत्मचरित्रात लिहिले आहे. पुढे 1936 साली हेच गांधीजी आपल्या शेगावात येऊन राहिले आणि 1940 मध्ये शेगावचे सेवाग्राम झाले. शेलीच्या शाकाहाराची एक बारीक वाट अशी खाणावळीत मिळालेल्या सॉल्टच्या पुस्तकातून आपल्या जिल्ह्यापर्यंत येते.

आणि मराठी कवितेत बंडाचा हा सूर प्रथम ज्यांनी लावला ते केशवसुत. 1893 साली त्यांनी 'तुतारी' लिहिली. इंग्रजी रोमँटिक कवींचे संस्कार त्यांच्यावर होते हे सर्वमान्य आहे. हे केशवसुत विद्यार्थीदशेत काही काळ वर्ध्यास राहून गेले होते.

आता काव्याकडे वळू. मला जे सांगायचे आहे ते पहिल्या अंकात आहे.

पडदा उघडतो तेव्हा चोरी होऊन युगे लोटली आहेत. शेलीला अग्नीच्या चोरीत रस नाही. प्रॉमिथ्यूस बर्फाच्या दरीत जखडलेला आहे. सुरुवातीच्या भाषणात तो आपल्या शत्रूचा, ज्युपिटरचा (झ्यूसचे हे रोमन नाव), विचार करतो. याचे राज्य एक दिवस जाणार आहे हे त्याला ठाऊक आहे. त्या दिवसाच्या कल्पनेने त्याला आनंद व्हायला हवा. पण त्याच्या लक्षात येते की आपल्याला त्याची कीव येते आहे, द्वेष उरलेला नाही. दुःखाने आपण शहाणे झालो, असे तो म्हणतो. मग त्याला आठवते की फार पूर्वी आपण ज्युपिटरला एक भयंकर शाप दिला होता. शब्द आठवत नाहीत. ते शब्द मला पुन्हा ऐकवा, अशी तो पर्वतांना, झऱ्यांना, वाऱ्यांना विनंती करतो.

कोणी तयार होत नाही. सगळे भ्यालेले आहेत. त्याची आई पृथ्वी मात्र एक गोष्ट सांगते: तो शाप आम्ही विसरलो नाही, उघड बोलत नाही, पण ठेव्यासारखा जपून ठेवला आहे, त्याच्याच आशेवर आम्ही जगतो. येथे मी वर्गात नेहमी थांबत असे. शाप म्हणा, बद्दुआ म्हणा. ज्याने दिला तो विसरला, आणि घरच्यांनी मात्र गाठोड्यात बांधून ठेवला. बांधाच्या वादात आजोबांच्या तोंडून रागाच्या भरात एक शब्द गेलेला असतो, आजोबा जातात, बांधही कधीचा विकला जातो, आणि नातवंडे एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. हे हिंगणघाटला घडते, आर्वीला घडते, आणि समाजासमाजांतही घडते.

शेवटी शाप ऐकविण्यासाठी एक छाया बोलाविली जाते. कुणाची? खुद्द ज्युपिटरची. प्रॉमिथ्यूसचेच शब्द जुलमी राजाच्या तोंडून बाहेर पडतात आणि त्या तोंडाला ते अगदी शोभून दिसतात. इतकी युगे आपण ज्याचा तिरस्कार केला त्याच्यासारखेच आपण त्या क्षणी बोललो होतो, हे त्याने कानांनी ऐकले. कवीने हे कुठेही स्पष्ट करून सांगितलेले नाही, नुसते घडवून दाखविले आहे. प्रॉमिथ्यूस विचारतो, हे माझे शब्द होते? होते, असे उत्तर मिळते. तो पश्चात्ताप व्यक्त करतो आणि कोणत्याही जिवाला आपल्यामुळे वेदना व्हाव्यात अशी इच्छा उरली नाही असे सांगतो.

पृथ्वी आक्रोश करू लागते. तिला वाटते, पोरगा हरला. ज्युपिटरने अखेर त्याला वाकविले. ज्यांनी शापावर दिवस काढले त्यांना शाप परत घेणे ही शरणागती वाटणारच. आणि लगेच ज्युपिटरचा दूत येतो: गुपित सांग, गुडघे टेक, सुटका घे. प्रॉमिथ्यूस साफ नकार देतो. द्वेष सोडला, म्हणून मान झुकविली नाही. या दोन गोष्टी एका वेळी करता येतात, हे शेलीचे म्हणणे, आणि मला वाटते त्याच्याआधी ही कथा सांगणाऱ्या कुणालाच ते सुचले नव्हते. बायरनचा प्रॉमिथ्यूस सोसतो, गटेचा उद्धटपणे बोलतो. शेलीचा आधी स्वतःच्या मनातला ज्युपिटर काढून टाकतो.

नकारानंतर क्रोधदेवता त्याला छळायला येतात. त्या चाबूक आणीत नाहीत, दृश्ये दाखवितात. प्रेमाचा संदेश देणाऱ्या येशूच्या नावाने पुढे लोकांनी केलेला रक्तपात, आणि स्वातंत्र्य मागायला उठलेल्या फ्रान्सने आपल्याच माणसांची केलेली कत्तल. ज्याला तू चांगले म्हणतोस त्याचे असेच होते, हे त्यांचे म्हणणे. गरुडाच्या चोचीपेक्षा हा छळ भारी आहे.

हे समजायला आपल्याला फ्रान्सला जाण्याची गरज नाही. 14 जुलै 1942 रोजी वर्धा येथे काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी हिंदुस्थान सोडावा असा ठराव केला. तेव्हा अध्यक्ष होते मौलाना अबुल कलाम आझाद. 8 ऑगस्टला मुंबईत गांधीजींनी आपल्या भाषणात इंग्रजांविषयीचा द्वेष मनातून काढून टाकण्यास बजावले. सत्तेला नकार द्यायचा, माणसाला शाप द्यायचा नाही. लगेच पुढारी तुरुंगात गेले. 16 ऑगस्टला आपल्याच जिल्ह्यातील आष्टी येथे पोलीस ठाण्यापुढे जमाव गेला, गोळीबार झाला, गावकरी मारले गेले. आणि खवळलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. आष्टीच्या हुतात्म्यांना आपण दरवर्षी मानवंदना देतो, ती दिलीच पाहिजे. मेलेले पोलीसही पगारावर घर चालविणारे आपल्याच देशाचे लोक होते, हेही मुलांना सांगितले पाहिजे. साधारण महिनाभरात या जिल्ह्याने बंडाची दोन्ही रूपे पाहिली. शाप न देता उभे राहणे किती कठीण आहे, याचा हिशेब आष्टीपेक्षा चांगला कुठल्या पुस्तकात मिळेल?

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे येतो. हा प्रॉमिथ्यूस म्हणजे आपल्याकडचा इब्लीस नव्हे काय?

शेलीलाही ही तुलना सुचली होती. प्रस्तावनेत तो मिल्टनच्या सैतानाचे नाव घेतो आणि सांगतो की माझा नायक त्याहून श्रेष्ठ आहे, कारण त्याच्यात महत्त्वाकांक्षा, मत्सर आणि सूड नाही. आपल्या दृष्टीनेही फरक मोठा आहे. पवित्र कुरआनात इब्लीस आदमपुढे नमण्यास नकार देतो तो का? मी अग्नीपासून घडलो, हा मातीपासून घडला, म्हणून मी श्रेष्ठ, असे त्याचे म्हणणे. प्रॉमिथ्यूस त्याच्या अगदी उलट वागतो. मातीच्या माणसाला तो अग्नी देऊन टाकतो. एकाचे बंड अहंकारातून आले, दुसऱ्याचे दुसऱ्याच्या कणवेतून. शिवाय या काव्यातला ज्युपिटर हा सृष्टीचा निर्माता नाहीच. दुसऱ्या अंकात एशिया प्रश्न विचारते, ही जिवंत सृष्टी कुणी निर्माण केली? उत्तर मिळते, ईश्वराने. मग भय, वेड, गुन्हा, पश्चात्ताप कुणी आणले? तेथे ईश्वराचे नाव येत नाही. जो राज्य करतो आहे त्याने, एवढेच उत्तर मिळते. आणि त्या राजाला सामर्थ्य दिले होते खुद्द प्रॉमिथ्यूसने, माणूस स्वतंत्र राहील एवढ्या एकाच अटीवर. अट मोडली गेली. म्हणजे आपणच बसविलेल्या सिंहासनाची ही गोष्ट आहे. शेलीची स्वतःची मते आपल्यासारखी होती असा दावा मी करीत नाही. तो स्वतःला नास्तिक म्हणवीत असे आणि त्याच्या शब्दांना आपले अर्थ चिकटवून त्याला आपल्यात ओढणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुलांनी ते काव्य वाचावे आणि कुठे पटत नाही तेही सांगावे. इक्बालांनीही इब्लीसला आपल्या कवितेत बोलते केले आहे. तेवढ्याने आपल्या घरांतला दिवा विझला नाही.

एशियाचा उल्लेख आला तो बरा झाला, कारण विद्यार्थिनींना तिची ओळख करून द्यायची आहे. प्रॉमिथ्यूस पहिल्या अंकानंतर जवळजवळ काहीच करीत नाही; सोसणे हेच त्याचे काम. प्रत्यक्ष सुटका कशी होते? एशिया आपली बहीण पँथिया हिला घेऊन पाताळात उतरते. तेथे डेमोगॉर्गन नावाची एक आकारहीन शक्ती अंधारात बसलेली आहे. तिच्यापुढे उभी राहून ही स्त्री एकामागून एक प्रश्न विचारीत जाते. अर्धवट उत्तर मिळाले की पुढचा प्रश्न. डेमोगॉर्गन शेवटी कबूल करतो की सखोल सत्याला रूपच नाही. तेव्हा ती म्हणते, माझ्या मनानेही हेच उत्तर दिले होते. मग ती शेवटचा प्रश्न विचारते: ती घटका कधी येणार? आणि ती घटका रथात बसून त्याच क्षणी समोर येते. मुलीने घरात प्रश्न विचारला की 'तुला काय करायचे आहे' म्हणून गप्प करणाऱ्यांनी हा प्रवेश पाहावा.

याच प्रवेशात प्रॉमिथ्यूसने माणसाला काय दिले याची एशिया लांबलचक यादी देते: धातू, वाणी, विचार, संगीत, मूर्तिकला, औषधे, ताऱ्यांचे ज्ञान, नौका, नगरे. त्यात डोक्याचे आणि हाताचे असे दोन कप्पे तिने केलेले नाहीत. मला येथे 1937 चा ऑक्टोबर आठवतो. 22 आणि 23 तारखेला वर्धा येथे शिक्षण परिषद भरली, आणि नव्या शिक्षणाची योजना आखण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेले, जे पुढे 1967 साली भारताचे राष्ट्रपती झाले. समितीत विनोबा होते, काका कालेलकर होते, कुमारप्पा होते, आणि इक्बालांच्या शिक्षणविचारांवर पुस्तक लिहिणारे ख्वाजा गुलामुस्सय्यदैनही होते. मुलाने मातृभाषेत शिकावे आणि एखाद्या हस्तव्यवसायाभोवती त्याचे सारे शिक्षण गुंफावे, ही 'वर्धा योजना'. ती पुढे नीट राबविली गेली नाही, आणि पालकांनीही ती मनापासून स्वीकारली नाही. टकळी चालवायला शाळेत कशाला, असे लोक म्हणत. मला वाटते लोकांचे थोडे चुकले आणि योजनेचेही थोडे चुकले. पण ज्ञान हातातून डोक्यात जाते, हे तत्त्व एस्किलसच्या प्रॉमिथ्यूसलाही ओळखीचे वाटले असते.

अग्नीची दुसरी बाजूही आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहे. 31 मे 2016 च्या पहाटे पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली, आणि ती विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे जवान व अधिकारी तिने गिळले. शेलीने ही बाजू पुरेशी दाखविली नाही, हा माझा त्याच्यावरचा आक्षेप आहे. ती मेरीने दाखविली. आणखी एक आक्षेप. ज्युपिटरचे पतन फार स्वस्तात उरकले आहे. तिसऱ्या अंकाच्या आरंभी तो दरबारात बढाई मारतो, डेमोगॉर्गन येतो, चार वाक्ये बोलतो आणि त्याला घेऊन खाली जातो. सत्ता इतक्या सहज जात नाही, हे आपण सगळेच जाणतो. चौथा अंक तर निव्वळ गाणे आहे; पृथ्वी आणि चंद्र एकमेकांशी गात राहतात. सुंदर आहे, पण लांबला आहे, आणि परीक्षार्थींनी आधी तो वाचू नये.

एक मात्र कवीने प्रामाणिकपणे लिहिले आहे. ज्युपिटर गेल्यावर माणूस स्वतंत्र होतो, राजे-गुलाम हा भेद जातो, पण मृत्यू जात नाही, बदल जात नाही, दैवाचे फटके जात नाहीत. दोन लेकरे गमावलेल्या बापाने खोटे आश्वासन दिलेले नाही.

विद्यार्थ्यांना एवढेच सुचवितो. पूर्ण काव्य एका बैठकीत वाचायला जाऊ नका, दम लागेल. पहिला अंक सुमारे सव्वाआठशे ओळींचा आहे, त्यातून शाप परत घेण्यापर्यंतचा भाग घ्या. मग दुसऱ्या अंकातला चौथा प्रवेश, एशिया आणि डेमोगॉर्गन यांचा. शब्दकोश जवळ ठेवा आणि मोठ्याने वाचा, कारण हे नाटक रंगभूमीसाठी लिहिलेले नसले तरी कानासाठी लिहिलेले आहे. दोघी बहिणी असाल तर एकीने एशिया व्हावे, दुसरीने डेमोगॉर्गन; आणि अब्बांना किंवा अम्मींना इंग्रजी येत नसेल, तर प्रत्येक प्रश्नाचा अर्थ त्यांना घरच्या भाषेत सांगत जा. अडेल तेथे माझ्याकडे या. रविवारी सकाळी मी घरीच असतो.